हडूपच्या डिस्ट्रिब्युटेड कॅशमधली फाइल सी आणि सी++ कोडमधून कशी वाचायची

वेब सर्व्हरचे लॉग एचडीएफएसवर (मोठा डेटा अनेक मशीनवर हाताळणाऱ्या हडूपच्या, त्या मशीनवर पसरलेल्या फाइलसिस्टिमवर) साठले आहेत आणि प्रत्येक ओळीतल्या आयपी पत्त्यावरून देश काढायचा आहे, असं एक काम समोर धरू. देश ओळखायला मॅक्समाइंडची जिओलाइट२ ही डेटा फाइल आहे आणि ती वाचायला त्यांचीच सी भाषेतली लिबमॅक्समाइंडडीबी ही लायब्ररी. लॉग क्लस्टरभर, म्हणजे मशीनच्या सगळ्या समूहात, पसरलेले, संदर्भाची फाइल मात्र एकच, आणि ती प्रत्येक टास्कच्या (कामाच्या एकेका तुकड्याच्या) हाताशी हवी. हडूपचा डिस्ट्रिब्युटेड कॅश नेमका यासाठी आहे.

अडचण अशी, की या कॅशबद्दलचं बहुतेक लिखाण जावा लिहिणाऱ्यांसाठी आहे. सी किंवा सी++ मध्ये काम करणारा त्यात आपल्या भाषेतून कॅशला विचारायचं फंक्शन शोधत बसतो. असं फंक्शन नाही आणि त्याची गरजही नाही. टास्क सुरू होण्याआधीच ती फाइल त्या नोडच्या (क्लस्टरमधल्या त्या मशीनच्या) डिस्कवर उतरलेली असते, आणि टास्कच्या चालू फोल्डरमध्ये तिच्याकडे नेणारी सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारं नाव) तयार असते. नेटिव्ह कोडने फक्त त्या सिमलिंकचं नाव घ्यायचं आणि कुठलीही साधी फाइल उघडतो तशी ती उघडायची. हे वाक्य खऱ्या क्लस्टरवर, शेकडो टास्क एकदम चालू असताना खरं ठरावं म्हणून काय काय सांभाळावं लागतं, ते पुढे पायरीपायरीने पाहू.

दोन गोष्टी आधीच स्पष्ट करतो. इथला कॅश म्हणजे रेडिस किंवा मेमकॅशडीसारखा नेटवर्कवरून विचारायचा साठा नव्हे. तसंच हडूप २.३ पासून एचडीएफएसमध्ये आलेली, फाइलचे ब्लॉक डेटानोडच्या (ते साठवणाऱ्या मशीनच्या) मेमरीत धरून ठेवणारी कॅशेअॅडमिनची सोयही नव्हे. आणि या लेखात कमांड, फंक्शन, सेटिंग यांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. टर्मिनलवर ती मूळ रोमन स्पेलिंगनेच टाइप करायची.

आधी आतली गोष्ट: फाइल नोडवर पोचते कशी

हा भाग टाळून थेट कमांडकडे जाऊ नका. पुढच्या बहुतेक अडचणींची उत्तरं इथेच आहेत.

जॉब सबमिट करताना आपण एखादी फाइल कॅशमध्ये घालायला सांगतो. ती आपल्या मशीनवर असेल तर क्लायंट ती एचडीएफएसवरच्या स्टेजिंग फोल्डरमध्ये चढवतो. आधीच एचडीएफएसवर असेल तर तिचा पत्ता, आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ एवढंच नोंदवतो. मग ज्या नोडवर कंटेनर (टास्कला मिळालेली ठरावीक मेमरीची जागा) सुरू व्हायचा असतो तिथला नोडमॅनेजर, म्हणजे त्या नोडवरचे कंटेनर सांभाळणारा प्रोग्राम, ती फाइल एचडीएफएसवरून उतरवून स्वतःच्या लोकल फोल्डरमध्ये ठेवतो. यालाच लोकलायझेशन म्हणतात. सर्वांना वाचता येणारी फाइल 'फाइलकॅश' फोल्डरमध्ये जाते, खासगी फाइल 'यूजरकॅश'खाली त्या युजरच्या नावाने जाते, आणि दोन्हीकडे प्रत्येक फाइलला आकड्याच्या नावाचं स्वतंत्र फोल्डर मिळतं. शेवटी कंटेनरच्या चालू फोल्डरमध्ये त्या फाइलकडे नेणारी सिमलिंक तयार होते. हडूप १ मध्ये ही सिमलिंक मुद्दाम मागावी लागायची; यार्न (क्लस्टरची साधनं वाटून देणारा हडूप २ पासूनचा भाग) आल्यापासून ती आपोआप मिळते.

यातून तीन गोष्टी निघतात. पहिली, खरा पाथ प्रत्येक नोडवर वेगळा असतो, त्यामुळे तो कोडमध्ये लिहून ठेवण्यात अर्थ नाही. कायम राहतं ते सिमलिंकचं नाव. दुसरी, एका नोडवर दहा टास्क चालले तरी सार्वजनिक फाइलची प्रत एकच असते. तिसरी, उतरवलेल्या फाइलचे परवाने हडूप स्वतः लावतो: सार्वजनिक फाइलला ०५५५, खासगीला ०५००. म्हणजे वाचता येईल, चालवता येईल, लिहिता येणार नाही. तुमची लायब्ररी फाइल वाचण्या-लिहिण्यासाठी उघडत असेल, तर घरच्या मशीनवर चाललेला कोड क्लस्टरवर 'परमिशन डिनाइड' म्हणून थांबेल.

पहिली पायरी: फाइल एचडीएफएसवर नीट ठेवा

जिओलाइट२ची डाउनलोड टार-जीझिप स्वरूपात येते आणि तिच्या आत तारखेचं नाव असलेलं एक फोल्डर असतं. फाइल एकच हवी असेल तर ती आपल्या मशीनवर बाहेर काढून फक्त एमएमडीबी फाइल एचडीएफएसवर टाका. सगळं आर्काइव्ह कॅशमध्ये घालता येतं, हडूप ते नोडवर उलगडूनही देतो, पण मग पाथमध्ये ते तारखेचं फोल्डर घुसतं आणि डेटाची आवृत्ती बदलली की प्रोग्रामला दिलेला पाथ चुकतो. आर्काइव्ह वापरायचंच असेल तर वरचं फोल्डर काढून पुन्हा बांधा.

एचडीएफएसवर मात्र तारीख जरूर ठेवा. 'लुकअप' फोल्डर, त्यात 'जिओ', त्यात तारखेचं फोल्डर, आणि त्यात फाइल. जुन्याच पाथवर नवी फाइल कधीही चढवू नका. सबमिट करताना नोंदवलेली बदलाची वेळ आणि लोकलायझेशनच्या वेळी दिसणारी वेळ जुळली नाही, तर नोडमॅनेजर 'रिसोर्स चेंज्ड ऑन सोर्स फाइलसिस्टिम' असं सांगून कंटेनर नाकारतो. हा नियम जाचक वाटतो, पण तो नसता तर एकाच जॉबचे अर्धे टास्क जुन्या डेटावर आणि अर्धे नव्या डेटावर चालले असते, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

आता परवाने. फाइल सार्वजनिक मानली जावी यासाठी फाइलला 'इतरां'साठी वाचण्याचा परवाना हवा, आणि वरच्या प्रत्येक फोल्डरला, थेट मुळापर्यंत, 'इतरां'साठी एक्झिक्यूटचा परवाना हवा. मधलं एक फोल्डर जरी ७०० असलं तरी फाइल खासगी ठरते आणि प्रत्येक युजरसाठी नोडवर वेगळी उतरते. सर्वात महाग पडतं ते दर वेळी आपल्या लॅपटॉपवरून फाइल देणं. तेव्हा ती प्रत्येक जॉबच्या वेगळ्या स्टेजिंग फोल्डरमध्ये जाते, पाथ दर वेळी नवा असतो, आणि नोडवर पडलेली जुनी प्रत पुन्हा कामाला येत नाही. रोज चालणाऱ्या जॉबसाठी असं करू नका.

क्लस्टर मोठं असेल तर आणखी एक: हडूप स्वतः स्टेजिंगमध्ये चढवलेल्या फाइलींच्या मुळातच १० प्रती ठेवतो, कारण अनेक नोड एकदम त्या मागतात. तुम्ही स्वतः चढवलेल्या फाइलीच्या मात्र नेहमीच्या ३ प्रतीच असतात. 'सेट-रेप' कमांडने त्या १० करून ठेवा.

दुसरी पायरी: प्रोग्रामला फक्त नाव कळू द्या

प्रोग्रामला आपण 'देशशोध' म्हणू. तो पहिल्या आर्ग्युमेंटमधून डेटा फाइलचं नाव घेईल, स्टँडर्ड इनपुटमधून ओळी वाचेल आणि स्टँडर्ड आउटपुटवर देशाचा कोड, टॅब, ओळ असं लिहील. हडूपचा एकही शब्द या कोडमध्ये येत नाही, आणि तसंच राहू द्या. असा प्रोग्राम तुम्ही क्लस्टरशिवाय तपासू शकता, उद्या दुसरीकडे चालवू शकता.

सुरुवातीला एमएमडीबी_ओपन हे फंक्शन फाइलच्या नावासह आणि एम-मॅप मोडमध्ये (फाइल थेट मेमरीच्या पत्त्यांवर जोडून) बोलवा. ते यशस्वी झालं नाही तर एरर स्टँडर्ड एररवर लिहून शून्येतर कोडने लगेच बाहेर पडा. इथे दयामाया नको. फाइल सापडली नाही म्हणून प्रत्येक ओळीपुढे 'अज्ञात' लिहीत जाणारा प्रोग्राम जॉब हिरवा दाखवतो आणि रिपोर्ट खोटा करतो.

ओळीगणिक शोध घेताना दोन वेगवेगळ्या अपयशांत फरक करा. एमएमडीबी_लुकअप_स्ट्रिंग दोन एरर परत देतं. एक मजकुराबद्दल: दिलेली अक्षरं आयपी पत्ता आहेत का? लॉगमध्ये पत्त्याच्या जागी नुसती आडवी रेघ असते, कधी होस्टचं नाव असतं; तेव्हा ही एरर येते. हे फंक्शन पत्ता अंकीच आहे असं धरून चालतं, नावासाठी डीएनएसकडे जात नाही, त्यामुळे क्लस्टरवरून डीएनएसचा भडिमार होण्याची भीती नाही. दुसरी एरर डेटा फाइलबद्दल असते, आणि ती आली तर प्रोग्राम थांबलाच पाहिजे. दोन्ही ठीक असूनही नोंद सापडली नाही, तर तो कदाचित १० ने सुरू होणारा खासगी पत्ता असेल. त्याला 'अज्ञात' म्हणणं बरोबर आहे.

आणि एक बारीक जागा, जिथे बरेच जण अडखळतात. एमएमडीबी_गेट_व्हॅल्यूने 'कंट्री' आणि त्याखालचा 'आयएसओ_कोड' मागितला की मिळतो तो मजकुराकडे जाणारा पॉइंटर आणि त्याची लांबी. तो पॉइंटर थेट मॅप केलेल्या फाइलमध्ये बोट ठेवून असतो आणि मजकुराच्या शेवटी शून्य बाइट नसतो. नेहमीच्या टक्का-एसने छापलात तर 'आयएन'च्या मागे फाइलमधले पुढचे बाइट लागून येतील. लांबी देऊन छापायच्या टक्का-बिंदू-तारा-एस या रूपानेच लिहा.

तिसरी पायरी: बिल्ड अशा मशीनवर करा, जे नोडसारखं आहे

नेटिव्ह कोडच्या तक्रारींत कॅशचा दोष फार थोड्या वेळा असतो. बहुधा दोष बिल्डचा असतो. तुमच्या नव्या लॅपटॉपवर बांधलेला प्रोग्राम जुन्या लिनक्सच्या नोडवर 'जीलिबसीची (लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीची) अमुक आवृत्ती सापडली नाही' म्हणून मरतो. नोडवर जी लिनक्स आवृत्ती आहे त्याच आवृत्तीच्या मशीनवर किंवा डॉकर इमेजमध्ये बिल्ड करा. 'एलडीडी' चालवून प्रोग्रामला कुठल्या लायब्ररी लागतात ते पाहा आणि तीच कमांड नोडवरही चालवून यादी पडताळा.

लिबमॅक्समाइंडडीबी नोडवर बसवलेली नसेल तर दोन मार्ग. सोपा मार्ग म्हणजे ती स्टॅटिक लिंक करून एकच फाइल बनवणं. माझं मत विचाराल तर छोट्या प्रोग्रामसाठी हाच मार्ग घ्या. दुसरा मार्ग म्हणजे शेअर्ड लायब्ररीही कॅशमधून पाठवणं, आणि इथे दोन सापळे आहेत.

पहिला सापळा नावाचा. लोडर फाइलचं नाव पाहत नाही. प्रोग्राममध्ये लिहिलेलं एसओ-नेम (लायब्ररीचं ठरलेलं नाव) शोधतो. या लायब्ररीचं एसओ-नेम लिबमॅक्समाइंडडीबी.एसओ.० असं आहे. म्हणून कॅशमध्ये घालताना सिमलिंकला अगदी हेच नाव द्या, एचडीएफएसवरच्या फाइलचं नाव काहीही असो. मॅपरिड्यूस (काम तुकड्यांत वाटून चालवायची हडूपची पद्धत) टास्कचं चालू फोल्डर हडूप स्वतःहून एलडी_लायब्ररी_पाथमध्ये घालतो, त्यामुळे नाव जुळलं की लायब्ररी सापडते.

दुसरा सापळा ओरिजिनचा. बऱ्याच जणांना प्रोग्रामच्या शेजारची लायब्ररी सापडावी म्हणून आरपाथमध्ये (लायब्ररी शोधायच्या, प्रोग्राममध्येच लिहिलेल्या पाथमध्ये) डॉलर-ओरिजिन, म्हणजे 'प्रोग्राम आहे तेच फोल्डर', लिहायची सवय असते. चालू प्रोग्रामसाठी लोडर ओरिजिन काढतो तो सिमलिंकच्या जागेवरून नव्हे, खऱ्या फाइलच्या जागेवरून. आणि आत्ताच पाहिलं, की कॅशमधली प्रत्येक फाइल आपापल्या आकड्याच्या फोल्डरमध्ये एकटी असते. कंटेनरच्या फोल्डरमध्ये शेजारी दिसणाऱ्या दोन फाइली डिस्कवर शेजारी नसतातच. ओरिजिनवर विसंबायचं असेल तर प्रोग्राम आणि लायब्ररी एकाच आर्काइव्हमध्ये बांधून पाठवा. ते एकत्र उलगडलं जातं.

क्लस्टरवर जाण्याआधी नोडवरची परिस्थिती आपल्या मशीनवर उभी करा. डेटा फाइल एका फोल्डरमध्ये ठेवून तिला ०५०० परवाना द्या, दुसऱ्याच फोल्डरमध्ये तिची सिमलिंक करा, तिथे जाऊन लॉगच्या पहिल्या हजार ओळी पाइपने प्रोग्रामला द्या. बाहेर येणारा कोड तपासा. फाइल लिहिण्यासाठी उघडणं, पाथ गृहीत धरणं, तात्पुरती फाइल डेटाच्या शेजारी करायला जाणं, हे सगळे दोष इथेच उघडे पडतात.

चौथी पायरी: जॉब चालवा

तीन रस्ते आहेत. स्ट्रीमिंग (स्टँडर्ड इनपुट-आउटपुटवरून कुठलाही प्रोग्राम चालवणं), पाइप्स (हडूपची सी++ लायब्ररी) आणि जेएनआय (जावातून नेटिव्ह कोड बोलवायची सोय). ज्याला ठाम कारण नाही त्याने स्ट्रीमिंग घ्यावं.

स्ट्रीमिंगची कमांड अशी दिसते:

हडूप जार हडूप-स्ट्रीमिंग.जार -डी मॅपरिड्यूस.जॉब.रिड्यूसेस=० -फाइल्स 'एचडीएफएस:///लुकअप/जिओ/तारीख/सिटी.एमएमडीबी#जिओ.एमएमडीबी,एचडीएफएस:///अॅप्स/देशशोध-२#देशशोध' -इनपुट /लॉग्ज -आउटपुट /निकाल -मॅपर './देशशोध जिओ.एमएमडीबी'

यातल्या हॅश चिन्हाकडे नीट पाहा. त्याच्या आधी एचडीएफएसवरचा पत्ता आहे, त्याच्या पुढे सिमलिंकचं नाव. डेटाची नवी आवृत्ती आली की फक्त हॅशच्या आधीचा भाग बदलतो. प्रोग्राम आणि मॅपरची ओळ तशीच राहते. एका कॉमाने दोन फाइली जोडल्या आहेत, कॉमानंतर मोकळी जागा नाही. -डी आणि -फाइल्स हे सर्वसाधारण पर्याय आहेत आणि ते -इनपुट, -मॅपर यांच्या आधीच यायला हवेत, नाहीतर कमांड चालत नाही. प्रोग्रामचाही एक्झिक्यूट परवाना जपायची काळजी नको. लोकलायझेशनच्या वेळी तो लागतोच.

स्ट्रीमिंगमध्ये स्टँडर्ड आउटपुट म्हणजे निकाल. डीबगसाठी लिहिलेली एक ओळ तिथे गेली तर ती निकालाचाच भाग होते. सांगायचं ते स्टँडर्ड एररवर सांगा. तिथे 'रिपोर्टर:काउंटर:' लिहून पुढे गट, नाव आणि संख्या कॉमाने दिली तर हडूप त्याचा काउंटर बनवतो. सापडलेले, न सापडलेले आणि बिघडलेले पत्ते असे तीन काउंटर ठेवा, पण प्रत्येक ओळीला लिहू नका. काही हजार ओळींनी एकदा पुरे. सुरुवातीला मोठी फाइल मेमरीत बांधायला प्रोग्रामला वेळ लागत असेल तर मधूनमधून 'रिपोर्टर:स्टेटस:' लिहा. इनपुट वाचलं नाही, आउटपुट दिलं नाही आणि स्टेटसही दिलं नाही, तर १० मिनिटांनी हडूप टास्कला मेलेलं धरून मारतो.

पाइप्स हा सी++ साठीचा रस्ता. इथे जेएनआय नाही; जावा टास्क आणि तुमचा प्रोग्राम सॉकेटवरून बोलतात. प्रोग्राम एचडीएफएसवर ठेवून 'मॅपरेड पाइप्स'ला -प्रोग्रामने त्याचा पत्ता द्यायचा; तो प्रोग्राम स्वतःदेखील कॅशमधूनच नोडवर पोचतो. -फाइल्स इथेही चालतं आणि प्रोग्राम कंटेनरच्या चालू फोल्डरमध्येच सुरू होतो, त्यामुळे फाइल तशीच 'जिओ.एमएमडीबी' या नावाने उघडते. उघडायची जागा म्हणजे मॅपर क्लासचा कन्स्ट्रक्टर, जो एका टास्कला एकदाच चालतो. मॅप फंक्शनमध्ये उघडलंत तर प्रत्येक ओळीला फाइल उघडली जाईल. फाइल न उघडल्यास हडूप_असर्ट मॅक्रोने कारण लिहून थांबा. कन्स्ट्रक्टरला मिळणाऱ्या कॉन्टेक्स्टमधून जॉबकॉन्फ मिळतो. फाइलचं नाव स्वतःच्या एखाद्या सेटिंगमधून द्यायचं असेल तर ते तिथून वाचता येतं.

जेएनआयचा रस्ता तेव्हा घ्यावा, जेव्हा बाकीचा जॉब आधीच जावात आहे आणि फक्त एक तुकडा नेटिव्ह आहे. जॉब तयार करताना अॅडकॅशफाइलने डेटा आणि तुमची एसओ फाइल दोन्ही घाला, दोन्हींना हॅशने नावं द्या. मग मॅपरच्या सेटअपमध्ये दोन कामं. एक, लायब्ररी लोड करणं: सिस्टिम.लोडलायब्ररीला 'लिब' आणि '.एसओ' वगळून मधलंच नाव द्यायचं, आणि सिमलिंकचं नाव मात्र लिब-अमुक.एसओ असं पूर्ण हवं. टास्कचं चालू फोल्डर जावा.लायब्ररी.पाथमध्ये असतं म्हणून ती सापडते. सिस्टिम.लोड वापरायचं असेल तर संपूर्ण पाथ द्यावा लागतो, नुसतं नाव चालत नाही.

दुसरं काम म्हणजे डेटा फाइलचा पाथ नेटिव्ह बाजूला देणं, आणि जेएनआयच्या रस्त्यावर सर्वात जास्त चूक होते ती इथे. कॉन्टेक्स्टच्या गेटकॅशफाइल्सने जे मिळतं तो मूळ एचडीएफएसचा पत्ता असतो, लोकल पाथ नव्हे. तो जसाच्या तसा सी मधल्या ओपनला दिला तर ती 'नो सच फाइल' म्हणणारच, कारण कर्नलला एचडीएफएस ठाऊक नाही. त्या पत्त्यातला हॅशच्या पुढचा भाग घ्या, त्यावरून जावाचा फाइल ऑब्जेक्ट बनवा, त्याचा संपूर्ण पाथ काढा आणि तो नेटिव्ह फंक्शनला द्या. नेटिव्ह बाजूने उघडलेल्या डेटाबेसचा पॉइंटर जे-लाँग म्हणून परत करा, तो मॅपरमध्ये जपून ठेवा, आणि क्लीनअपमध्ये बंद करा.

मराठी मजकूर जेएनआयमधून नेणाऱ्यांसाठी एक सूचना. गेटस्ट्रिंगयूटीएफचार्स जे देतं ते जावाचं सुधारित यूटीएफ-८ असतं. देवनागरी अक्षरं त्यात नेहमीच्या यूटीएफ-८ सारखीच तीन बाइटची असतात, त्यामुळे चाचणीत सगळं ठीक दिसतं. इमोजी आले की मात्र बाइट बदलतात आणि नेहमीच्या यूटीएफ-८ मजकुराशी तुलना चुकते. मजकूर बाइट अॅरे म्हणून पाठवा, म्हणजे हा प्रश्नच येत नाही. स्ट्रीमिंग आणि पाइप्समध्ये खरं यूटीएफ-८ मिळतं.

पाचवी पायरी: मेमरीचा हिशेब

कंटेनरची मेमरी म्हणजे जावाची हीप नव्हे. नोडमॅनेजर सगळ्या प्रोसेस-झाडाची बेरीज करतो: जेव्हीएम, तिने सुरू केलेला तुमचा प्रोग्राम, आणि त्याने मॅलॉकने घेतलेलं सगळं. मॅप टास्कला मुळात १०२४ एमबी मिळतात. हडूप ३ मध्ये हीपचा आकार सांगितला नसेल तर त्यातला ८० टक्के हीपला जातो, म्हणजे नेटिव्ह बाजूला जेमतेम २०० एमबी उरतात. स्ट्रीमिंगमध्ये जेव्हीएमला फारसं काम नसतं, तेव्हा एक्स-एमएक्स (जावाच्या हीपची मर्यादा) कमी करा आणि उरलेलं आपल्या प्रोग्रामला ठेवा.

आता एम-मॅपकडे या. मला या सगळ्या विषयात सर्वात आवडणारी जागा हीच आहे. सार्वजनिक फाइलची नोडवर प्रत एकच, आणि ती वाचण्यापुरती, शेअर्ड पद्धतीने मॅप केली तर कर्नलच्या पेज कॅशमध्येही ती एकदाच बसते. एका नोडवर वीस टास्क असले तरी खरी रॅम एका प्रतीएवढीच लागते. तेच प्रत्येक टास्कने फाइल वाचून हॅशटेबल बांधलं, तर वीस टेबलं होतात. स्वतःचं डेटा स्वरूप ठरवायचं असेल तर ते थेट मॅप करून शोधता येईल असं ठरवा. त्यावर घालवलेला वेळ क्लस्टर अनेक पटींनी परत देतो. मोड निवडताना पीआरओटी_रीड आणि मॅप_शेअर्ड घ्या; फाइल वाचण्यापुरतीच असल्याने लिहिण्यासाठीची शेअर्ड मॅपिंग तशीही नाकारली जाईल. लिबमॅक्समाइंडडीबी युनिक्सवर हेच करते.

पण नोडमॅनेजरचा नेहमीचा हिशेब प्रत्येक प्रोसेसचं आरएसएस (रॅममध्ये प्रत्यक्ष बसलेला भाग) धरतो, आणि त्यात मॅप केलेली, वाचलेली पानंही मोजली जातात. म्हणजे रॅम एकदाच लागली तरी ती प्रत्येक कंटेनरच्या खात्यावर लिहिली जाते. मोठ्या फाइलीला यामुळे कंटेनर मारले जातात. उपाय क्लस्टरच्या अॅडमिनकडे आहे: स्मॅप्सवर (कर्नलने दिलेल्या, प्रोसेसच्या एकेका मॅपिंगच्या तपशिलावर) आधारित आरएसएसचं सेटिंग, जे मुळात बंद असतं. ते चालू केलं की फक्त-वाचायच्या शेअर्ड मॅपिंग हिशेबातून वगळल्या जातात. तोवर कंटेनरची मर्यादा फाइलच्या आकाराएवढी वाढवून मागा.

व्हर्च्युअल मेमरीची तपासणी वेगळी. ती मुळात चालू असते आणि मर्यादा कंटेनरच्या २.१ पट. एक जीबीच्या कंटेनरमध्ये दोन जीबीची फाइल मॅप केली तर एक पानही न वाचता ही मर्यादा ओलांडली जाते. 'रनिंग बियाँड व्हर्च्युअल मेमरी लिमिट्स' असा संदेश दिसला तर हेच समजा. नेटिव्ह कोडसाठी या तपासणीचा उपयोग थोडा आणि त्रास जास्त; अनेक ठिकाणी ती बंद करतात, आणि ते योग्यच आहे.

बिघडलं तर कुठे पाहायचं

स्ट्रीमिंग जॉब पडला की बहुतेकदा 'सबप्रोसेस फेल्ड विथ कोड' असं काहीतरी दिसतं. तो आकडा बोलका असतो. १ असेल तर तुमच्या प्रोग्रामनेच हात वर केले आहेत. 'यार्न लॉग्ज' कमांडने स्टँडर्ड एरर वाचा. १२७ म्हणजे बहुधा शेअर्ड लायब्ररी सापडली नाही. १३९ म्हणजे सेगमेंटेशन फॉल्ट, १३४ म्हणजे अबॉर्ट. आकड्याऐवजी 'कॅनॉट रन प्रोग्राम, एरर=२' दिसलं तर प्रोग्रामची सिमलिंक नाही किंवा नाव चुकलं आहे. फाइल डोळ्यांसमोर असूनही हीच एरर येत असेल, तर प्रोग्राममध्ये लिहिलेला लोडर त्या नोडवर नाही. मसलवर (जीलिबसीऐवजी वापरल्या जाणाऱ्या दुसऱ्या सी लायब्ररीवर) बांधलेला प्रोग्राम जीलिबसीच्या नोडवर असंच वागतो.

सिमलिंक खरंच तयार झाली का हे पाहायची खात्रीची जागा म्हणजे कंटेनरच्या फोल्डरमधली लाँच_कंटेनर.एसएच ही फाइल. नोडमॅनेजर ती प्रत्येक कंटेनरसाठी लिहितो आणि तिच्यात प्रत्येक सिमलिंकची एलएन कमांड असते: डावीकडे खरा पाथ, उजवीकडे नाव. तुमचं नाव तिथे नसेल तर दोष सबमिट करतानाचा आहे, कोडमध्ये शोधू नका. कंटेनर संपला की फोल्डर लगेच पुसलं जातं, म्हणून तपासणीच्या काळापुरतं 'डिलीट.डिबग-डिले-सेक' सेटिंग दहा-पंधरा मिनिटांवर ठेवायला अॅडमिनला सांगा. जेएनआयमध्ये क्रॅश झाल्यावर जेव्हीएम लिहिते तो एचएस_एरर लॉगही त्याच फोल्डरमध्ये पडतो आणि त्याच वेगाने नाहीसा होतो.

कॅश कधी वापरू नये

प्रत्येक टास्कला फाइलचा छोटासाच भाग लागत असेल आणि फाइल कित्येक जीबीची असेल, तर ती सगळ्या नोडवर उतरवणं म्हणजे नेटवर्क आणि डिस्क फुकट घालवणं. नोडवरच्या कॅशचं लक्ष्य मुळात १०२४० एमबी असतं. त्यावर गेलं की वापरात नसलेल्या फाइली पुसल्या जातात, आणि तुमची एक मोठी फाइल इतरांच्या दहा छोट्या बाहेर ढकलते. अशा वेळी लिबएचडीएफएस (सी मधून थेट एचडीएफएस वाचायची लायब्ररी) घ्या आणि एचडीएफएस_पीरीडने हवा तेवढाच भाग वाचा. लिबएचडीएफएस आतून जेव्हीएम सुरू करतं, म्हणून क्लासपाथ (जावाच्या जार फाइलींची यादी) लागतो, आणि जुन्या आवृत्त्यांत त्यात तारांकित पाथ चालत नाहीत. 'हडूप क्लासपाथ'ला --ग्लॉब पर्याय देऊन पूर्ण यादी काढून ती भरा.

स्पार्कवर (क्लस्टरवर डेटा हाताळणाऱ्या दुसऱ्या प्रणालीवर) काम करणाऱ्यांना वरचं जवळपास सगळं लागू आहे. यार्नवर --फाइल्सने दिलेली फाइल तशीच कंटेनरच्या फोल्डरमध्ये येते, हॅशचं नावही चालतं, आणि 'देशशोध'सारखा प्रोग्राम आरडीडीच्या (स्पार्कमधल्या पसरलेल्या डेटासंचाच्या) पाइपने जसाच्या तसा चालवता येतो. जेएनआयसाठी स्पार्कफाइल्स.गेटने मिळणारा संपूर्ण पाथ नेटिव्ह बाजूला द्या, आणि हे एक्झिक्यूटरवर (नोडवर टास्क चालवणाऱ्या प्रोसेसवर) चालणाऱ्या फंक्शनच्या आत करा. ड्रायव्हरवर (जॉब चालवणाऱ्या मुख्य प्रोग्रामवर) काढलेला पाथ दुसऱ्या मशीनवर निरुपयोगी असतो. फरक एवढाच, की स्पार्कमध्ये एका जेव्हीएममध्ये अनेक टास्क थ्रेड म्हणून चालतात. डेटाबेस एक्झिक्यूटरमागे एकदाच उघडा आणि सगळ्या थ्रेडना तोच वापरू द्या. लिबमॅक्समाइंडडीबीचे शोध असे एकाच वेळी चालवता येतात. दुसरी लायब्ररी असेल तर ती थ्रेडसेफ आहे का हे आधी पाहा, आणि नसेल तर प्रत्येक थ्रेडला वेगळा हँडल द्या.